पापनिवेदन झालं, पण ज्याचं नुकसान केलं त्याचं काय?

समूहप्रमुख_वसई

जय ख्रिस्त. प्रायश्चित्तकाळातल्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या) एका शुक्रवारी आमच्या लहान ख्रिस्ती समूहात ‘पाप कबूल करणं आणि क्षमा मागणं’ या विषयावर चर्चा घ्यायची आहे. ‘एकमेकांना क्षमा करा’ एवढं बोलून लोक चहा पिऊन घरी गेले तर उपयोग नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण समोर ठेवणार आहे.

एका महिला मंडळाची खजिनदार. तीन वर्षांत दहा-बारा वेळा थोडे थोडे करून तिने मंडळाचे ४०,००० रुपये घेतले. हिशेब जुळेना तेव्हा संशय दुसऱ्याच एका सभासद बाईवर गेला आणि खजिनदारबाईंनी ‘हो, पेटी बऱ्याचदा तिच्याच हातात असायची’ असं खोटंच सांगून तो पक्का केला. त्या बाईने मंडळ सोडलं. आता खजिनदार फादरांकडे जाऊन प्रायश्चित्त संस्कार घेते (म्हणजे त्यांच्यापुढे पापं सांगून देवाची क्षमा मागते), सांगितलेल्या प्रार्थना म्हणते. संपलं का? संस्कारात नेमकं काय आणि किती सांगायचं? परत किती द्यायचं? नाव न सांगता दिलं तर चालेल का? आणि त्या दुसऱ्या बाईपुढे जाऊन बोलायचं काय?

समूहात दोन घरं प्रॉटेस्टंट माहेरची आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहा ही विनंती.

धर्मसंहिता_वाचक

संपलं नाही. देवाकडची क्षमा तिला पूर्ण मिळाली, त्यात शंका घेऊ नये. पण शेजाऱ्याचं देणं जागच्या जागी आहे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १४५९ हेच सांगतो: पापमुक्तीने, म्हणजे संस्कारात फादर देतात त्या क्षमेने, पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करणं आणि निंदा झालेल्याचं नाव पुन्हा उभं करणं, ही दोन्ही उदाहरणं तिथे नावानिशी दिली आहेत.

आता संस्काराबद्दल. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापी माणसाच्या वाट्याची तीन कामं सांगितली: मनापासून पश्चात्ताप, तोंडाने निवेदन आणि भरपाई. यातलं मधलंच तेवढं लोक लक्षात ठेवतात. १९८३ च्या धर्मसंहितेचं (चर्चच्या कायद्याच्या पुस्तकाचं) कलम ९८८ म्हणतं की आधी न सांगितलेली सर्व गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची. म्हणजे ‘फादर, माझ्याकडून लोभ झाला, जिभेवर ताबा राहिला नाही’ हे पुरेसं नाही. पुरेसं असं: ‘माझ्याकडे विश्वासाने ठेवलेल्या मंडळाच्या पैशातून तीन वर्षांत साधारण दहा-बारा वेळा मिळून चाळीस हजार रुपये मी घेतले. त्याचा आळ दुसऱ्या एका बाईवर आला, तेव्हा मी खोटं बोलून तो पक्का केला. पैसे अजून परत केलेले नाहीत.’ इतकंच. अर्धं मिनिटही लागत नाही.

इथे पापं दोन आहेत, चोरी आणि खोटी बदनामी, आणि ती वेगवेगळी सांगावी लागतात. बहुतेक जण पैशाचं सांगतात आणि बदनामी त्याच्याच पोटात ढकलून देतात. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘साधारण’ म्हणून खरा अंदाज द्यावा. ज्याने पापाचं वजन बदलतं ती परिस्थिती सांगावी (विश्वासाचं पद होतं, पैसे एखाद्या विधवेच्या औषधपाण्यासाठी जमवलेले असतील तर तेही). ज्याने बदलत नाही ती सोडावी: मुलाची फी होती, नवरा पैसे देत नव्हता, अध्यक्षबाई तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या आहेत! दुसऱ्या कोणाचंही नाव घ्यायचं नाही, त्या बदनाम झालेल्या बाईचंही नाही.

बिघडतं कुठे? एक गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर संपूर्ण निवेदनच निष्फळ होतं, बाकीच्या सांगितलेल्या पापांसकट. खरोखर विसरलेलं पाप मात्र क्षमेत येतं. आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचं. दुसरी अडचण मनाच्या निश्चयाची. ऐपत असून ‘पैसे काही मी परत करणार नाही’ असं मनाशी ठरवलं असेल तर पश्चात्तापच अपुरा आहे आणि फादर पापमुक्ती थांबवू शकतात. पण आधी सगळी रक्कम भरा, मग या, असाही नियम नाही. परत करण्याचा पक्का निश्चय हवा आणि लवकरात लवकर सुरुवात हवी.

गुपिताबद्दलही समूहात सांगा, कारण लोक याच भीतीने वर्षानुवर्षं टाळतात. कलम ९८३ नुसार निवेदनाची मोहर अभंग आहे. फादर कोणालाही सांगू शकत नाहीत आणि कलम ९८४ नुसार त्या माहितीचा तिला त्रास होईल असा वापरही करू शकत नाहीत. म्हणजे तिला खजिनदारपदावरून काढा असं सुचवायलाही ही माहिती वापरता येत नाही. इतकंच काय, चर्चच्या आवारात तीच बाई भेटली तर तिने स्वतः विषय काढल्याशिवाय फादर तिच्याशीदेखील तो काढणार नाहीत. म्हणून पैसे फादरांमार्फत पोहोचवायचे असतील तर तिने संस्काराबाहेर, ऑफिसात बसून, तसं वेगळं बोलावं. आणि ओळखीचे फादर नको असतील तर कलम ९९१ प्रमाणे कोणत्याही अधिकृत धर्मगुरूकडे जायची मुभा आहे. फोनवर हा संस्कार होत नाही.

निनावी परत करण्याबद्दल: एरवी चालतं. मालकाला त्याचं मिळालं पाहिजे. चोराने आपल्या नावाचा डंका पिटलाच पाहिजे असं चर्च म्हणत नाही. पण या उदाहरणात नाही चालणार. पाकिटात घालून चाळीस हजार परत आले तर मंडळ म्हणेल, ‘बघा, तिलाच शेवटी लाज वाटली.’ निरपराध बाईवरचा आळ उलट घट्ट होईल.

पाळकगृह

प्रॉटेस्टंट बाजूने लिहितो. आमच्याकडे फादरांच्या कानात सांगण्याची सक्ती नाही, म्हणून कबुली हलकी असते असा समज आहे. मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, शब्दच बघा. योहानाच्या पहिल्या पत्रात, १:९ मध्ये, ‘पापे पदरी घेणे’ असा प्रयोग आहे. आपल्या पदरी घेतलेलं दुसऱ्याच्या पदराला बांधता येत नाही. खजिनदारबाईंनी नेमकं तेच केलं होतं, त्यामुळे तुमच्या चर्चेला सुरुवात करायला याहून चांगलं वचन मिळणार नाही.

रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून जो पापांगीकार म्हणते तो आवश्यक आहे, पण तो सर्वांचा आणि सर्वसाधारण असतो. त्याच्या आड नेमकं पाप लपवायचं नसतं. अँग्लिकन परंपरेच्या १६६२ च्या प्रार्थना पुस्तकात प्रभुभोजनाआधीचा जो बोध आहे त्यात स्पष्ट आहे: शेजाऱ्याचं नुकसान केलं असेल तर त्याच्याशी समेट करा, ऐपतीप्रमाणे भरपाई करायला तयार राहा; आणि एवढं करूनही ज्याच्या मनाला शांती नाही त्याने पाळकाकडे येऊन आपलं दुःख उघड करावं. म्हणजे खासगी कबुली आमच्याकडेही आहे. ती अट नाही, पण दार उघडं आहे.

आता ‘किती’. बायबलच्या जुन्या करारात गणना ५:६-७ मध्ये क्रम दिला आहे: कबुली, पूर्ण परतफेड आणि वर पंचमांश. लेवीय ६:५ मध्ये तर ज्या दिवशी दोषार्पण (अपराधाबद्दलचं अर्पण) आणायचं त्याच दिवशी मालकाला द्यायचं असं आहे. तुमच्या उदाहरणात ४०,००० चा पंचमांश ८,००० म्हणून ४८,०००. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी घेतली असं धरून सरळव्याजाने सहा टक्के लावले तरी तीन वर्षांचे ७,२०० होतात, म्हणजे ४७,२००. दोन्ही आकडे जवळपास येतात, त्यामुळे ४८,००० सांगायला संकोच करू नका. कॅथलिक शिकवणही मुद्दलाबरोबर त्यातून मालकाला जे मिळालं असतं ते द्या असंच म्हणते.

जक्कय या जकातदाराचं ‘चौपट परत देतो’ इथे नियम म्हणून लादू नका. लूक १९:८ मध्ये तो स्वखुशीने बोलला, आणि तो श्रीमंत होता. निर्गम २२:१ मध्ये मेंढरामागे चार आणि बैलामागे पाच आहेत, पण ते जनावर चोरून कापलं किंवा विकलं असेल तेव्हा. हातावर पोट असलेल्या बाईला १,६०,००० सांगितले तर ती काहीच देणार नाही. त्याऐवजी महिना २,००० चे २४ हप्ते ठरवा, तारीख ठरवा, आणि पहिला हप्ता कबुलीच्याच दिवशी हातात ठेवायला सांगा. लेवीयातल्या ‘त्याच दिवशी’चा अर्थ गरिबाने असा पाळता येतो.

एक गोष्ट आमच्या आणि तुमच्या दोन्हीकडे होते, ती थांबवा. मंडळाचे पैसे मंडळाला न देता चर्चच्या दानपेटीत टाकायचे, वेलांकणीला किंवा बांद्र्याच्या मोतमाउलीला मेणबत्त्या लावायच्या, अनाथाश्रमात एक जेवण द्यायचं. हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आहे. मालक जिवंत आणि माहीत असताना देवाला दिलेलं दान हे परतफेड होत नाही.

कबुली किती लोकांपुढे? जितक्यांपर्यंत पाप पोहोचलं तितक्यांपुढे, त्याहून जास्त नाही. मंडळात २५ बाया असतील तर त्या २५ जणींपुढे. रविवारी अख्ख्या उपासनेत माईक घेऊन नव्हे. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती (पश्चात्ताप आणि प्रार्थनेची लाट) आली तेव्हा मुलींनी रडत उघडपणे पापं कबूल केली, ती आठवण मराठी मंडळ्यांत मोलाची आहे. पण तिची नक्कल करून लोकांना उभं करायला लावणं वेगळं. ज्याने केलेलं नाही तोही गर्दीच्या भरात बोलून बसतो, किंवा दुसऱ्याचं झाकलेलं उघडं होतं.

आणखी एक गल्लत. मत्तय १८:१५-१७ (आधी एकट्याने, मग दोघे-तिघे, मग मंडळी) हा मार्ग ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी आहे. ज्याने अन्याय केला त्याचं वचन मत्तय ५:२३-२४: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जा. तिने समोरची येईल म्हणून वाट बघायची नाही.

सांत्वन_सेवा

वरच्या दोघांनी पाया घातला आहे. मी फक्त त्या दुसऱ्या बाईकडे जाण्याबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते.

आधी तिच्याकडे जायचं, मग मंडळाकडे. उलटं केलं तर तिला बातमी शेजारणीकडून कळते, म्हणजे दुसऱ्यांदा तिच्या पाठीमागे तिच्याबद्दल बोलणं झालं. पण मध्ये महिना जाऊ देऊ नका. चार-आठ दिवसांत दोन्ही व्हावं. पहिल्या भेटीतच तिला विचारायचं: ‘मंडळात हे मी कसं सांगू? तुम्ही तिथे असलेलं चालेल की नको?’ नाव तिचं गेलंय, तर ते कसं परत यावं हे तिला ठरवू द्या.

निरोप पाठवून वेळ मागा. घरात आजारी माणूस, लग्न किंवा मयत असेल तेव्हा नको. नाताळच्या किंवा गुड फ्रायडेच्या तोंडावर तर मुळीच नको. सणाच्या ओझ्याखाली ‘असू दे’ म्हणवून घेतलेली क्षमा दोन आठवड्यांत आंबते. एकटी जा, किंवा तिला चालेल अशी एक समंजस बाई बरोबर घ्या. नवरा, मुलं, फादर असा ताफा नेऊ नका. पायांवर पडू नका. आपल्याकडे कोणी पाया पडलं की समोरच्याला उचलावंच लागतं, मग तिचा राग तिच्याच घशात अडकतो.

बोलायचं पाच मिनिटांच्या आत. असं काहीतरी:

‘मंडळाचे चाळीस हजार मी घेतले होते. तुमच्यावर आळ आला तेव्हा पेटी तुमच्याकडे असायची असं मी म्हणाले, ते खोटं होतं. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं, मंडळ सुटलं, दोन वर्षं लोक तुमच्याकडे तसं बघत राहिले. रविवारी मंडळात मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे आणि त्याच दिवशी पैशांची परतफेड सुरू करणार आहे. मी तुमची क्षमा मागते. उत्तर आज द्यायलाच हवं असं नाही.’

यात ‘जर’ नाही आणि ‘पण’ नाही, हे मुद्दाम दाखवून द्या. ‘तुमचं मन दुखावलं असेल तर’ म्हटलं की दोष तिच्या मनाचा होतो. ‘माझ्याकडून तसं बोललं गेलं’ यापेक्षा ‘मी बोलले’ म्हणा. आपल्या भाषेत ‘गेलं’ लावून कर्ता पळवायची सोय फार आहे. ‘देवाने मला क्षमा केली आहे’ हे वाक्य त्या भेटीत उच्चारू नये, खरं असलं तरी. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो: वरच्याने सोडलं, तू कोण धरून बसणारी? ‘साताच्या सत्तर वेळा क्षमा कर’ हे वचनही तिला ऐकवायचं नाही. ते वचन तिने स्वतः वाचायचं आहे.

ती चिडेल, जुन्या चार गोष्टी काढेल. ऐकून घ्या. त्यातलं एखादं चुकीचं असलं तरी त्या दिवशी खुलासा करू नका. ‘नाही करणार क्षमा’ म्हणाली तरी मंडळातली कबुली आणि परतफेड ठरल्याप्रमाणे झाली पाहिजे. त्या गोष्टी तिच्या होकारावर अवलंबून नाहीत. पुन्हा पुन्हा दार ठोठावू नका. आणि तिने क्षमा केली म्हणजे उद्यापासून शेजारी बसून डबा खाईल असंही धरू नका. क्षमा एका दिवसात देता येते, विश्वास येत नाही.

बदनामीबद्दल एक बारकावा चर्चेत आवर्जून घ्या. इथे गोष्ट खोटी होती, म्हणून ‘मी खोटं बोलले’ असं म्हणून ती मागे घेता येते, आणि जिथे जिथे बोलली तिथे तिथे घेतली पाहिजे, व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं असेल तर त्याच ग्रुपवर. पण एखाद्याचं खरं असलेलं, झाकलेलं वैगुण्य उघड केलं असेल तर? तेव्हा ‘ते खोटं होतं’ म्हणणं हे नवीन खोटं. तिथे एवढंच म्हणता येतं: ‘ते सांगण्याचा मला अधिकार नव्हता, मी सांगायला नको होतं.’ आणि पुढे त्या माणसाबद्दल जे चांगलं खरं आहे ते बोलत राहायचं.

हिशेबनीस

थोडं व्यवहाराचं. पैसे रोख देऊ नयेत, मंडळाच्या खात्यात चेकने किंवा बँकेतून भरावेत आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी. वहीत ती रक्कम ‘देणगी’ म्हणून दाखवू नका. वसुली म्हणून वेगळी नोंद करा, नाहीतर पुढच्या अहवालात चोरी करणारी दानशूर ठरते. खजिनदारपद कबुलीच्या दिवशीच सोडायचं, वह्या, पासबुक, किल्ल्या सह्यांनिशी सोपवायच्या. आणि पुढे बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतील असं करा.

विश्वासाने सोपवलेला पैसा वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०६, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१६. लेखी कबुली कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकते. त्यामुळे सही करण्याआधी तिने वकिलाला विचारावं. मात्र परतफेड टाळण्यासाठी नाही, नीट होण्यासाठी. मंडळानेही ‘बाहेर कळलं तर चर्चचं नाव जाईल’ या कारणाने तिच्यावर किंवा त्या दुसऱ्या बाईवर गप्प राहण्याची सक्ती करू नये.

आणि उदाहरण पैशाचं आहे म्हणून वरचं सगळं लागू पडतं. लहान मुलांवरच्या अत्याचाराला ‘आपापसात माफी’ हा मार्ग नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं आहे. घरातल्या मारहाणीतही पीडित बाईला मारणाऱ्यासमोर बसवून समेट घडवू नका.

समूहप्रमुख_वसई

सगळ्यांचे आभार. सांत्वन सेवा ताई, ‘बोललं गेलं’ आणि ‘मी बोलले’ यांतला फरक फळ्यावर लिहिणार आहे. दोन प्रश्न नक्की येतील. मंडळच बंद पडलं असेल किंवा ती बाई वारली असेल तर? आणि सगळं करूनही खजिनदारबाईंचं मन खात राहिलं, त्या दर महिन्याला तेच पाप पुन्हा सांगू लागल्या तर?

धर्मसंहिता_वाचक

मालक गेला तर वारस. बाई वारली असेल तर तिच्या मुलांपुढे आणि ज्यांनी तो आळ ऐकला त्यांच्यापुढे नाव साफ करायचं. मेलेल्या माणसाचंही नाव असतं. मंडळ बंद झालं असेल तर बंद करताना उरलेली शिल्लक कुठे दिली ते बघा, हे पैसेही तिथेच जातात. तसं काही ठरलं नसेल आणि सभासद शोधता येत असतील तर वर्गणीच्या प्रमाणात वाटा. कोणीच सापडत नसेल तेव्हाच ज्या कामासाठी पैसे जमवले होते त्या कामाला किंवा गरिबांना. पाळकांनी दिलेल्या उताऱ्याचं पुढचंच वचन, गणना ५:८, याच अडचणीबद्दल आहे: घ्यायला जवळचा नातलगही नसेल तर ती भरपाई परमेश्वराची, याजकाकडे द्यायची. दानपेटीचा नंबर लागतो तो इथे, सगळ्यात शेवटी.

दुसऱ्या प्रश्नाला: एकदा नीट सांगितलेलं आणि पापमुक्ती मिळालेलं पाप पुन्हा सांगण्याची गरज नाही. हप्ते चालू असताना तर नाहीच. उरलेलं कर्ज म्हणजे उरलेलं पाप नव्हे. हप्ता ऐपत असून मुद्दाम चुकवला तर तेवढं नवीन सांगावं. तरीही मन खातच असेल तर दर वेळी वेगळे फादर शोधणं बंद करून एकाच फादरांकडे जावं आणि त्यांनी ‘हे आता सांगू नका’ म्हटलं की ते पाळावं. तेच तेच विचार दिवसभर थांबत नसतील, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावं. फादर स्वतःच तसं सुचवतील. परतफेडीची वही मात्र जवळ ठेवावी, म्हणजे रात्री शंका आली की किती हप्ते झाले आणि किती राहिले ते उघडून बघता येतं.